पापणीचे माप
शस्त्रवैद्यकाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय निवडावा, अशी संयोजकांची सूचना होती. बेळगाव-निपाणीच्या परिसरात इतिहास म्हटला की किल्ले, संस्थाने, सत्याग्रह आणि सीमाप्रश्न हे विषय आपोआप पुढे येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. मी मात्र आज एका फार लहान गोष्टीचा इतिहास मांडणार आहे. उतारवयात डोळ्यांवर उतरणारे पापणीचे सैल कातडे आणि ते काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, हा आजचा विषय आहे. विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. त्याला माझी हरकत नाही, कारण ज्यांच्या पापण्या सैल झाल्या आहेत अशी माणसे दिवसभर भुवया उंचावूनच वावरत असतात. तसे केल्याशिवाय त्यांना समोरचे धड दिसत नाही.

या शस्त्रक्रियेला आज सौंदर्यशल्यक्रिया म्हणतात. श्रीमंतांची हौस आणि नटनट्यांचा नाद, अशी तिची ओळख झाली आहे. ही ओळख सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती फार अपुरी आहे. या शस्त्रक्रियेची मुळे दोन हजार वर्षांमागे जातात, तिच्या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात घडला आहे, आणि तिचा सर्वांत उदात्त उपयोग ज्यांच्याकडे समाजाने पाहणेच सोडले होते अशा माणसांसाठी झाला आहे. या सगळ्या इतिहासातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो : किती काढावे आणि किती राखावे? आजच्या विवेचनाचा धागा तोच आहे.

१. अवयव आणि वय

प्रथम अवयवाची ओळख करून घेऊ. आपल्या शरीरावरील सर्वांत पातळ कातडे पापणीचे असते. ते जाडीला एक मिलिमीटरही भरत नाही. त्याच्याखाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू, त्यामागे एक पातळ पडदा, पडद्यामागे बुबुळाला उशीसारखा आधार देणारी चरबी आणि तिच्या निकट पापणी वर उचलणारा स्नायू, अशी ही रचना आहे. पापणी दिवसातून हजारो वेळा लवते. वय वाढते तसे कातड्यातील लवचिक तंतू झिजतात, पडदा ढिला पडतो आणि चरबी पुढे सरकते. वरच्या पापणीचे कातडे घडी होऊन लोंबते, खालच्या पापणीला पिशवीसारखा फुगवटा येतो. उन्हात घालवलेली वर्षे ही झीज वाढवतात.

चाळिशी ओलांडल्यावर जवळचे अक्षर पुसट दिसू लागते, हे आपल्या भाषेने इतके अचूक टिपले आहे की चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणू लागलो. पापणीच्या सैलपणाला मात्र असे घरगुती नाव मिळाले नाही. ‘वय झाले’ एवढेच म्हणून आपण तो विषय सोडून देतो. वास्तविक पापणी खाली येण्याची कारणे निरनिराळी आहेत. कधी नुसते कातडे सैल होते, कधी पापणी उचलणाऱ्या स्नायूची दोरी ताणली जाते, तर कधी भुवईच खाली घसरते. दिसायला तिन्ही सारखे, पण उपाय तिघांचे वेगळे. कातडे फार लोंबले की दृष्टीचा वरचा भाग झाकला जातो. मग माणूस नकळत कपाळाच्या स्नायूने पापणी उचलून धरतो आणि संध्याकाळी कपाळ ठणकू लागते. चष्म्याचा नंबर दोनदा बदलूनही वाचताना डोळे जड का होतात, याचे उत्तर कधी कधी चष्म्यात नसतेच. ते पापणीत असते.

२. यवाची आकृती आणि सशाचा डोळा

आता इतिहासाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे ७६ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी २१ एकट्या पापणीचे आहेत. पापणीला तेथे ‘वर्त्म’ असा शब्द आहे. या रोगांपैकी ‘पक्ष्मकोप’ नावाच्या विकारात पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळावर घासतात. त्यावर संहितेने जी शस्त्रक्रिया सांगितली आहे तिचे वर्णन आजच्या शल्यवैद्याने वाचले, तर तो चकित झाल्याशिवाय राहणार नाही.

भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंतच्या जागेचे मनाने तीन भाग करावेत. भुवईखालचे दोन भाग सोडावेत, केसांलगतचा एक भाग सोडावा आणि त्यांच्या सीमेवर डोळ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जवाच्या दाण्याच्या आकाराची, म्हणजे मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, कातड्याची पट्टी कापून काढावी. जखम केसाने शिवावी, वर मध आणि तूप लावावे, कपाळावर पट्टी बांधून टाके तिला अडकवावेत, आणि जखम दृढ झाली की केस काढून टाकावेत. हा विधी पापणीच्या सौंदर्यासाठी नव्हता, दृष्टी वाचवण्यासाठी होता. पण कापण्याची जागा, कापाचा आकार आणि शिवण्याची रीत पाहिली, तर वरच्या पापणीच्या आजच्या शस्त्रक्रियेचा हा पूर्वजच म्हणावा लागेल.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, संहिता काय कापावे हे सांगण्याआधी काय सोडावे हे सांगते. दुसरी अशी की, वाताने निश्चेष्ट झालेली पापणी, जिला ती ‘वातहतवर्त्म’ म्हणते, तिची गणना ती असाध्य रोगांत करते. सैल कातडे आणि दुबळा स्नायू यांतला भेद तिला ठाऊक होता, आणि जेथे आपले शस्त्र चालणार नाही तेथे ते चालवू नये, एवढा प्रांजळपणाही तिच्याजवळ होता.

पश्चिमेकडे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सैल पापणीचे कातडे कापण्याची कृती लिहून ठेवली. त्याने एक इशाराही दिला आहे. या उपचारात कातडे गरजेपेक्षा जास्त कापले गेले, तर डोळा झाकलाच जात नाही. अशा डोळ्याला ग्रीक वैद्य सशावरून नाव देत, कारण ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो अशी त्यांची समजूत होती. ‘लॅगॉप्थॅल्मॉस’ हा शब्द वैद्यकात आजही आहे. दहाव्या शतकात बगदादच्या अली इब्न ईसा या नेत्रवैद्याने वेगळीच युक्ती सांगितली. सैल कातड्याची घडी दोन बारीक काड्यांमध्ये घट्ट आवळून ठेवायची, म्हणजे काही दिवसांनी ती आपोआप गळून पडते. शस्त्राची भीती टाळण्याचा हा मार्ग होता. पण मापाचा प्रश्न त्यालाही चुकला नव्हता. घडी किती धरायची, हे वैद्यालाच ठरवावे लागे.

३. पुण्याहून लंडन, लंडनहून बर्लिन

पापणीच्या शस्त्रक्रियेला आधुनिक वैद्यकात जे नाव मिळाले, ते नाकाच्या मागोमाग मिळाले. आणि त्या नाकाची कथा आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजांनी इंग्रजांच्या तुकडीसह धारवाडला वेढा घातला होता आणि १७९१ च्या एप्रिलमध्ये धारवाड पडले. याच युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाचे कातडे खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. हा कारागीर विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता, असे तत्कालीन वृत्तांत सांगतो. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

हा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात चित्रासह प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने अनेक वर्षे विचार केला, १८१४ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णावर ही क्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याने १८१८ साली नाक घडवण्याच्या कलेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणी घडवण्याच्या शस्त्रक्रियेला ‘ब्लेफॅरोप्लास्टी’ हे नाव देण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. ‘ब्लेफॅरॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत पापणी. कर्करोगाने खाल्लेली पापणी कातडे फिरवून पुन्हा उभी करणे, असा त्या नावाचा मूळ अर्थ होता. आज जे नाव सुरकुत्या घालवण्याच्या जाहिरातींत झळकते, ते जन्मले एका गमावलेल्या पापणीची भरपाई करताना.

पुण्याच्या त्या कारागिराचे नाव इतिहासाने जपले नाही. ज्याचे नाक कापले गेले त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ज्यांनी ते पाहिले त्यांची नावे ठाऊक आहेत, ज्यांनी त्यावर ग्रंथ लिहिले त्यांचीही ठाऊक आहेत. ज्याने ते घडवले तो मात्र अनामिक राहिला. हातांनी काम करणाऱ्यांच्या विद्येची आपल्याकडे नेहमीच अशी गत झाली आहे. शाळेतील मुलांनी एवढा धडा या प्रकरणातून घेतला, तरी पुष्कळ झाले.

पुढे १८३० साली ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी याने आपल्या नेत्ररोगावरील ग्रंथात पापणीची सैल घडी चिमट्यात धरून कापण्याची रीत दिली. तरीही ही क्रिया क्वचितच होई, कारण जागेपणी डोळ्याजवळ सुरी सहन करणे सोपे नव्हते. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला आणि नेत्रशल्याचे चित्रच पालटले. त्यानंतरच्या काही वर्षांतच हे नवे नेत्रवैद्यक आपल्या दाराशी येऊन पोहोचले.

४. मिरजेची वाट

विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. पाठोपाठ तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा या लोहमार्गामुळे बेळगाव, खानापूर, चिकोडी या भागांतील रुग्णांना मिरज जवळची झाली. वानलेसांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया हजारोंनी केल्या. १९२८ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, त्याच वर्षी त्यांनी भारत सोडला आणि १९३३ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव वानलेसवाडीच्या रूपाने आजही या परिसराच्या नकाशावर आहे.

त्या काळात पापणीचा मोठा शत्रू वार्धक्य हा नव्हता, खुपऱ्या हा होता. खुपऱ्यांच्या रोगात पापणीचे आतले अस्तर पुन्हा पुन्हा सुजते, त्यावर व्रण पडतात, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासून बुबुळ पांढरे होते. धूळ, चुलीचा धूर, पाण्याची टंचाई आणि एकाच पदराने पुसलेली घरभरची तोंडे, अशा परिस्थितीत तो पसरे. सुश्रुताने ज्या पापणीसाठी जवाच्या आकाराचा काप सांगितला होता, तीच ही पापणी. भारत सरकारने १९६३ साली खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा व्यापक कार्यक्रम हाती घेतला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन झाल्याचे प्रमाणित केले. एक फार जुना शत्रू आपण हटवला, आणि त्याची म्हणावी तशी वार्ताही झाली नाही.

मिरजेच्या वाटेबाबत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नकाशावरची रेघ बदलली, पण रुग्णांच्या पायवाटा बदलल्या नाहीत. निपाणीचा माणूस कोल्हापूर-मिरजेला जातच राहिला, आणि चंदगड-गडहिंग्लजचा रुग्ण बेळगावला येतच राहिला. १९६३ साली बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर तर ही ये-जा दुहेरी झाली. डॉक्टरची पेटी, चष्म्याची पेटी आणि औषधाची चिठ्ठी यांना भाषावार प्रांतरचना लागू झाली नाही, ही या सीमाभागाची एक शहाणी परंपरा आहे आणि ती आपण सांभाळली पाहिजे.

५. चेहरा आणि चाकरी

दृष्टी वाचवण्यासाठी जन्मलेली ही शस्त्रक्रिया सौंदर्याकडे वळली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. शिकागोच्या चार्ल्स मिलर याने १९०६ च्या सुमारास डोळ्यांभोवतालच्या पिशव्या काढण्यावर लिहिले आणि १९०७ साली सौंदर्यशल्यावर एक पुस्तकच काढले. प्रतिष्ठित डॉक्टर अशा कामाकडे नाक मुरडत. निरोगी माणसाला सुरी लावणे हा वैद्यकाचा धर्म नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. आजही नाही.

त्याला खरे उत्तर दिले ते पॅरिसच्या सुझान नोएल या स्त्री-शल्यवैद्याने. १८७८ साली जन्मलेल्या या बाई स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत अग्रभागी होत्या. १९२६ साली त्यांनी सौंदर्यशल्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच या शास्त्राच्या सामाजिक कार्याचा उल्लेख होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये असंख्य स्त्रिया स्वतःच्या कमाईवर जगत होत्या. दुकानात, कचेरीत, शिवणकामाच्या पेढीत त्यांची नोकरी चेहऱ्यावर अवलंबून असे. डोळ्यांखाली पिशव्या आल्या की बाई ‘थकलेली’ दिसते आणि थकलेली दिसणारी बाई आधी कमी केली जाते, हे नोएलबाईंनी पाहिले होते. जागा बधिर करून त्या छोट्या छोट्या शस्त्रक्रिया करीत आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जात.

येथे आपल्याला थांबून विचार करावा लागतो. पोटासाठी चेहरा तरुण ठेवावा लागणे, ही त्या बाईची हौस म्हणायची की तिच्यावरचा अन्याय? नोएलबाईंनी अन्याय नाहीसा केला नाही. त्याला तोंड देण्याचे एक साधन तेवढे दिले. वय झालेल्या बाईला कामावरून काढणारी व्यवस्था तशीच राहिली. म्हणून या शस्त्रक्रियेचा गौरव करताना तिच्या मागे दडलेला दोष झाकला जाऊ नये. आणि दोष दाखवताना त्या बाईची गरज खोटी ठरवली जाऊ नये. इतिहासकाराला हे दोन्ही तोल सांभाळावे लागतात.

६. कोंढव्याचे चेहरे

या प्रश्नाला सर्वांत गंभीर रूप मिळाले ते आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात. डॉ. नोशीर अंतिया हे इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलिज यांच्या हाताखाली सुघटनशल्य, म्हणजेच प्लॅस्टिक सर्जरी, शिकून आले होते. महायुद्धात चेहरे छिन्न झालेल्या सैनिकांसाठी गिलिज यांनी हे शास्त्र घडवले होते. अंतियांनी ते कुष्ठरुग्णांसाठी वापरले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा सुघटनशल्य विभागाची धुरा त्यांनी वाहिली.

कुष्ठरोग पापणीला दोन्ही बाजूंनी छळतो. चेहऱ्याची नस निकामी झाली की पापणी मिटत नाही. सेल्ससने सांगितलेला तो सशाचा डोळा येथे रोगानेच निर्माण होतो. उघडा राहिलेला डोळा सुकतो, त्यात धूळ जाते आणि बधिर बुबुळाला ते कळतही नाही. त्यावर कानशिलाच्या, म्हणजे चावण्याच्या, स्नायूची पट्टी पापणीपर्यंत आणून पापणी मिटवण्याची शस्त्रक्रिया करतात. रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो, अशी ती योजना आहे. दुसरी बाजू अशी की, रोगाने आधी फुगलेले चेहऱ्याचे कातडे औषधाने रोग ओसरला की सैल पडते. भुवया झडतात, गाल ओघळतात, पापण्या लोंबतात, आणि ऐन उमेदीतला माणूस जख्ख म्हातारा दिसू लागतो.

सल्फोन औषधांनी रोग बरा होत होता. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधयोजना सुचवल्यानंतर तर तो निश्चितपणे बरा होऊ लागला. पण शरीरातून रोग गेला तरी चेहऱ्यावरची त्याची सही पुसली जात नसे. गावात परतलेल्या माणसाला लोक तोंडावरून ओळखत. चहाच्या दुकानात त्याला निराळा पेला मिळे, मुलीचे लग्न अडे. अशा माणसाचे सैल कातडे काढणे, भुवई पुन्हा बसवणे, नाक उभे करणे, याला काय म्हणायचे? शास्त्राच्या पुस्तकात ही सारी सौंदर्यशल्याचीच तंत्रे आहेत. धनवानाच्या चेहऱ्याला ताणणारी सुरी आणि कोंढव्यातील चेहऱ्याला ताणणारी सुरी यांत फरक नव्हता. फरक होता तो चेहऱ्यामागच्या आयुष्यात.

अंतिया येथेच थांबले नाहीत. मोठ्या रुग्णालयात जे चालले आहे ते खेड्यातल्या बहुसंख्यांपर्यंत पोहोचत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी अलिबागजवळच्या मांडव्याला गावातील स्त्रियांना हाताशी धरून आरोग्याचे काम केले, आणि महागड्या वैद्यकावर आयुष्यभर कठोर टीका केली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली ते निवर्तले. ज्याच्या हाती सौंदर्यशल्याची सर्व तंत्रे होती, त्यानेच ती कोणासाठी वापरायची हा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

७. आजचे माप

आता आपल्या गावाकडे येऊ. निपाणी म्हटले की तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या स्त्रिया डोळ्यांसमोर येतात. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, पानात तंबाखू भरून वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे, हे काम सारे नजरेचे आणि बोटांचे. विडी बिघडली की ती छाटीत जाते आणि मजुरी बुडते. तंबाखूच्या धुळीने डोळे चुरचुरतात, ते चोळले जातात. साठीच्या घरातील अशा स्त्रीची पापणी डोळ्यावर उतरली, तर तिला ‘आजी, आता वय झाले’ असे सांगून परत पाठवायचे काय? तिच्या दृष्टीने ती पापणी म्हणजे रोजचा रोजगार आहे.

भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यशल्याचा खर्च वगळलेला आहे. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि डॉक्टरने आवश्यक म्हणून प्रमाणित केलेला उपचार यांना त्यातून सूट आहे. म्हणजे एकच शस्त्रक्रिया कागदावर कधी गरज ठरते, कधी हौस. हा भेद करण्याचे साधन आज उपलब्ध आहे. पापणी सैल असताना आणि ती चिकटपट्टीने उचलून धरल्यावर, अशी दृष्टिक्षेत्राची दोनदा तपासणी केली की कातड्याने नजर किती अडवली आहे ते मोजता येते. मात्र ती तपासणी मागायची असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी एवढे करणे कठीण नाही.

शस्त्रक्रियेचे स्वरूपही थोडक्यात सांगतो. रुग्णाला बसवून पापणीवर रेघ आखतात, कारण निजल्यावर कातडे मागे सरते आणि माप चुकते. मग जागा बधिर करून पापणीच्या नैसर्गिक घडीतूनच काप घेतात, म्हणजे व्रण घडीत लपतो. टाके आठवड्याच्या आत निघतात, सूज ओसरायला काही आठवडे जातात. धोके थोडे आहेत, पण खरे आहेत. डोळे कोरडे असणाऱ्यांचा कोरडेपणा वाढू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती डॉक्टरला आधी सांगितलीच पाहिजेत, कारण डोळ्यामागे रक्तस्राव झाल्यास क्वचित दृष्टीही जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात तीव्र वेदना आली, डोळा पुढे आला किंवा दिसेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि पापणी एकाएकी पडली, त्यासोबत एकाचे दोन दिसू लागले किंवा डोके विलक्षण दुखू लागले, तर ते वार्धक्य नव्हे. तो मेंदूच्या किंवा नसांच्या विकाराचा इशारा असू शकतो, आणि तेथे सौंदर्याचा विचारही मनात आणू नये.

आजचा काळजीपूर्वक काम करणारा शल्यवैद्य एक नियम पाळतो. भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये सुमारे २० मिलिमीटर कातडे राहिलेच पाहिजे. त्याहून कमी राहिले तर डोळा मिटणार नाही. सुश्रुतसंहितेने दोन भाग वर आणि एक भाग खाली सोडायला सांगितले होते. सेल्ससने सशाच्या डोळ्याची भीती घातली होती. साधने बदलली, नावे बदलली, तरी या शास्त्राचा गाभा तोच राहिला आहे : काढलेल्या कातड्याचा हिशेब कोणी विचारत नाही, राखलेल्या कातड्यावर डोळा जगतो.

श्रोतेहो, हाच न्याय या शस्त्रक्रियेच्या सामाजिक बाजूलाही लावता येईल. वयाच्या खुणा किती पुसाव्यात आणि किती राखाव्यात, हे प्रत्येकाने स्वतःसाठी ठरवावे. कोणी आरशातल्या चेहऱ्यासाठी पापणी नीट करून घेतली, तर त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु समाज म्हणून आपण प्रथम कोणाच्या पापणीकडे पाहायचे, याचा क्रम मात्र आपल्याला लावावा लागेल. ज्याची नजर झाकली गेली आहे तो आधी. ज्याचा चेहरा रोगाने किंवा अपघाताने हिरावला आहे तो त्याच्याबरोबर. आणि हौस त्यानंतर. पुण्याच्या त्या अनामिक कारागिरापासून कोंढव्याच्या डॉक्टरांपर्यंत आपल्या मातीतील परंपरेने हाच क्रम पाळला आहे.

सुरकुतलेल्या पापण्यांखालच्या ज्या डोळ्यांनी आपल्या वह्या तपासल्या, आपल्याला वाट दाखवली, त्या डोळ्यांची आपण चौकशी केली पाहिजे. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी माझे व्याख्यान पुरे करतो.